गल्लीत पाच जणींना थायरॉइडची गोळी – मोटारीच्या धुराचा काही संबंध?

वऱ्हाडी_मास्तर | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. धागा लांबेल, सांभाळून घ्या.

मी आर्वी तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. आमच्या गल्लीत पंधरा-सोळा घरं. परवा सौ.ने हळदीकुंकवाला बायका बोलावल्या होत्या. निघता निघता कोणीतरी म्हणालं, "माझी सकाळची थायरॉइडची गोळी राह्यली आज." तर आणखी चौघी म्हणाल्या, आम्हीपण घेतो. सौ. त्यातलीच एक, दोन वर्षांपासून. एका गल्लीत पाच!

आता दुसरी गोष्ट. गल्लीच्या मागे मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. रब्बीत ओलिताचे दिवस आले की व्होल्टेज पडतं आणि धडाधड मोटारी जळतात. दुकानदार जुनी वायंडिंग काढतो, दिवसभर ढीग साठवतो आणि संध्याकाळी पेटवतो. तांबं मोकळं होतं, भंगारवाला घेऊन जातो. त्या जाळाला हिरवी झाक असते. वास असा की ओट्यावरचा माणूस घरात जातो. सकाळी राखेत कोंबड्या उकरत बसलेल्या असतात, त्यात आमच्याही दोन.

पुण्याच्या भाच्यानं एक व्हिडिओ पाठवला. त्यात म्हटलंय की अशा धुरातली आणि कारखान्यांतली काही रसायनं वर्षानुवर्षं शरीरात राहतात आणि "थायरॉइड हार्मोनची रक्तातली जागा बळकावतात". जागा बळकावतात म्हणजे नेमकं काय? हार्मोनला रक्तात जागा लागते का? आणि हे खरं असेल तर आमच्या पाच जणींचं कारण हेच का? मी मराठी आणि इतिहास शिकवतो. शास्त्रातलं कोणी असेल तर समजेल असं सांगा.

पऱ्हाटी | रविवार, रात्री १०.०५

मास्तर, आमच्या गावात तं आता ओळख करून देतानाच सांगतेत, "ह्या माह्या काकू, शुगर, बीपी अन् थायराइड." तीन पदव्या!

पण वासाचं खरं हाय. आमच्या बाजूचा भंगारवाला केबल जाळते तवा माहा पोट्टा खोकून खोकून बेजार होते.

रिकामटेकडा | रविवार, रात्री १०.३१

पूर्वी कोणाला थायरॉइड नव्हता. आता टेस्ट काढल्या म्हणून आजार निघाले. गोळ्या खपवायचे धंदे आहेत सगळे.

लॅबवाली_ताई | रविवार, रात्री ११.१०

@रिकामटेकडा, पूर्वी बायकांना थकवा यायचा, अंग सुजायचं, केस जायचे, आणि घरचे म्हणायचे "आळशी आहे". आजार तेव्हाही होता, नाव नव्हतं. गलगंड तर माझ्या आजीच्या पिढीत गावोगाव दिसायचा. १९६२ साली सरकारला त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम काढावा लागला, आयोडीनचं मीठ तिथून आलं.

मास्तर, मी तालुक्याच्या ठिकाणी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. एक आकडा देते. २०१३ साली देशातल्या आठ शहरांतल्या पाच हजारांवर प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास ११ टक्के लोकांत थायरॉइड कमी काम करणारं निघालं. बायकांत आणि वय वाढलेल्यांत प्रमाण जास्त. तुमच्या सोळा घरांत मोठ्या बायका तीस-पस्तीस तरी असतील. त्यात पाच म्हणजे थोड्या जास्त, पण कपाळावर हात मारावा इतक्या नाहीत. आयोडीन पुरेसं मिळत असेल तर मोठ्या माणसांत सगळ्यात मोठं कारण म्हणजे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच थायरॉइड ग्रंथीवर उलटते, ते. पाच जणींपैकी कितींची अँटिबॉडीची तपासणी झाली आहे? बहुतेक एकीचीही नाही. आमच्याकडे सगळे टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन) काढून निघून जातात.

जागा बळकावण्याचं मात्र मलाही नीट समजून घ्यायचंय.

दूरदेशी | सोमवार, सकाळी ६.२०

मूळचा दारव्ह्याचा, सध्या परदेशात पर्यावरण-रसायनाच्या प्रयोगशाळेत. हा विषय माझ्या कामाच्या शेजारचाच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

थायरॉइड ग्रंथी मुख्यतः टी-४ बनवते. त्यात आयोडीनचे चार अणू असतात. पुढे अवयवांमध्ये त्यातला एक काढला की टी-३ होतो, आणि खरं काम तो करतो. टी-४ पाण्यात फारसा विरघळत नाही, त्यामुळे तो रक्तात एकटा फिरत नाही. त्याला गाडी लागते. रक्तातल्या टी-४ पैकी ९९.९ टक्क्यांहून जास्त प्रथिनांना चिकटलेला असतो. मोकळा असतो तो जेमतेम ०.०२ ते ०.०३ टक्के, आणि पेशींत शिरतो तो हाच.

गाड्या तीन. पहिली टीबीजी. एका रेणूत एकच सीट, पण पकड घट्ट. ही रिझर्वेशनची एसटी समजा. माणसात जवळपास तीन-चतुर्थांश टी-४ हिच्यातून जातो. दुसरी ट्रान्सथायरेटिन. दोन सीट, पकड मध्यम, ही काळीपिवळी. तिसरी अल्ब्युमिन. ही ट्रॅक्टरची ट्रॉली, कोणीही चढा, कोणीही उतरा.

आता जागा बळकावणारे. पीसीबी नावाची तेलकट रसायनं ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरमध्ये वापरायचे. त्यांचे २०९ प्रकार आहेत. रेणूत दोन कडी असतात आणि त्यांवर क्लोरीन. यकृत ते बाहेर काढायला म्हणून त्यांना ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी लावतं. गंमत अशी की त्यामुळे तो रेणू टी-४ सारखा दिसायला लागतो! टी-४ मध्येही दोन कडी, त्याच जोडीशेजारी आयोडीन. इथे आयोडीनच्या जागी क्लोरीन. ट्रान्सथायरेटिनच्या सीटला फरक कळत नाही. परीक्षानळीत यातले काही रेणू टी-४ पेक्षाही घट्ट बसतात. लाकडाला कीड लागू नये म्हणून वापरायचे ते पेंटाक्लोरोफिनॉल तसंच. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्लास्टिकमध्ये आग लागू नये म्हणून घालतात ते टेट्राब्रोमोबिसफिनॉल-ए तर २००० साली छापलेल्या एका अभ्यासात टी-४ च्या दहापट घट्ट बसलेलं दिसलं. न चिकटणाऱ्या तव्यांशी नाव जोडलं गेलेली पीएफओए, पीएफओएस ही पोरं खूप सैल बसतात, पण शरीरातून वर्षानुवर्षं जात नाहीत.

तेव्हा व्हिडिओतलं रसायन खरं आहे. निष्कर्ष मात्र घाईचा आहे. तो रात्री लिहितो, आता कामावर निघालो.

पऱ्हाटी | सोमवार, सकाळी ७.१५

काळीपिवळीत कोनी दुसरा बसला तं आपून टपावर बसतो नं भाऊ. टी-४ ले टप नाई का?

बावनथडी | सोमवार, दुपारी १.००

दूरदेशी, फवारणीच्या औषधांचं काय? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना वीसहून जास्त माणसं गेली. माझा मावसभाऊ तेव्हा दवाखान्यात होता, वाचला. पाठीवरचा पंप गळत होता, बनियन ओलं झालं होतं, आणि तो म्हणत होता "दोन ओळी राह्यल्या, मारून घेतो." ते विषही असंच शरीरात बसून राहतं का?

आशाताई_मेळघाट | सोमवार, दुपारी ३.२५

मी आशा कार्यकर्ती आहे. शास्त्र समजत नाही, पण रोज जे पाहते ते लिहिते. थायरॉइडच्या गोळीच्या बाया सकाळी उठून पहिले चहा मांडतात आणि चहासोबत गोळी. एका गरोदर मुलीच्या घरी गेले तर तिनं लोहाची, कॅल्शियमची आणि थायरॉइडची गोळी एकाच तळहातावर घेऊन एकदम तोंडात टाकली. मी म्हटलं, "अगं बाई!" ती म्हणते, "ताई, एकदाच कटकट संपते."

लॅबवाली_ताई | सोमवार, दुपारी ४.०२

आशाताई, तुमची पोस्ट या धाग्यातली सगळ्यात कामाची आहे. मास्तर, धुराआधी घरात हे विचारा. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे हीच थायरॉइडची गोळी, उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत, आणि चहा त्यानंतर अर्धा-एक तासानं. लोह आणि कॅल्शियम चार तासांच्या अंतरानं. ती गोळीला आतड्यातच धरून ठेवतात. "डोस वाढवूनही टीएसएच खाली येत नाही" म्हणून येणाऱ्या कित्येक जणींचा दोष चहाच्या कपात असतो.

वऱ्हाडी_मास्तर | सोमवार, संध्याकाळी ६.४५

ताई, सौ.ला विचारलं. चहासोबतच! वर म्हणते, "मग काय गोळी नुसती गिळू?"

दूरदेशी, रात्रीची वाट पाहतोय. माझे दोन प्रश्न जोडा. एक, गावच्या विहिरीचं पाणी. दुसरा जरा लाजिरवाणा आहे. माझे वडील डीपीचं तेल गुडघ्याला चोळायचे. लाइनमन ओळखीचा होता, बाटलीत आणून द्यायचा. गावात अर्ध्या म्हाताऱ्यांच्या घरी ती बाटली होती. तुम्ही ट्रान्सफॉर्मर म्हटलं आणि मला तीच आठवली, काळपट, झाकणाला कापसाचा बोळा लावलेली.

दूरदेशी | सोमवार, रात्री १०.५०

आधी पऱ्हाटीभाऊंच्या टपाबद्दल. प्रश्न थट्टेतला असला तरी मर्मावर आहे. काळीपिवळीचा माझा दाखला एका बाबतीत साफ चुकला. आपली काळीपिवळी कधी रिकामी पाहिली का? माणसाच्या रक्तातली ट्रान्सथायरेटिनची गाडी मात्र जवळपास रिकामीच धावते. तिच्या शंभरातल्या नव्याण्णव सीटवर टी-४ नसतोच. वर टीबीजीची एसटी आहेच. म्हणजे मोठ्या माणसाच्या रक्तात एखाद्यानं सीट घेतली तर टी-४ ला दुसरी मिळते, आणि थोडा कमी पडलाच तर मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथी टीएसएच वाढवून भरपाई करून घेते.

याचे भक्कम पुरावे आहेत. काही माणसांत टीबीजी जन्मतःच नसतं. त्यांचा एकूण टी-४ अगदी कमी येतो, पण माणूस ठणठणीत असतो. ट्रान्सथायरेटिन नसलेले उंदीर प्रयोगशाळेत तयार केले, त्यांचंही थायरॉइडचं काम ठीक चाललं. आणखी एक. टाफामिडिस नावाचं औषध आहे, हृदयाच्या आणि नसांच्या एका दुर्मिळ आजारासाठी. ते ट्रान्सथायरेटिनच्या त्याच सीटवर जाऊन बसतं, तेच त्याचं काम. ते घेणाऱ्यांचा एकूण टी-४ उतरतो, टीएसएच हलत नाही. म्हणजे नुसती सीट बळकावल्यानं मोठ्या माणसाला थायरॉइडचा आजार होतो, असं म्हणता येत नाही. व्हिडिओवाल्यांनी ही बाजू गाळली.

उंदरांवरचे निष्कर्ष जपून घ्यायचे ते यामुळेच. प्रौढ उंदराकडे टीबीजीची एसटी नसल्यासारखीच असते, तो ट्रान्सथायरेटिनवरच अवलंबून. त्याची सीट गेली तर त्याला झळ लगेच लागते.

मग घाबरायचं कुठे? दोन ठिकाणी. पहिलं यकृतात. पीसीबी आणि डायॉक्सिन (प्लास्टिकसारख्या वस्तू जळताना बनणारी विषारी रसायनं) यकृतातली काही एन्झाइम चेतवतात. ती टी-४ ला साखरेसारखा रेणू जोडून पित्तातून बाहेर घालवतात. गाडीतला प्रवासी ढकलला जात नाही, त्याला थेट गावाबाहेर नेऊन सोडतात. दुसरं गर्भात, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं हेच. पहिले साधारण बारा आठवडे बाळाची स्वतःची ग्रंथी हार्मोन बनवत नाही. मेंदूची बांधणी आईच्या टी-४ वर चालते. मेंदूभोवतीच्या पाण्यात टी-४ ची मुख्य गाडी ट्रान्सथायरेटिन आहे आणि वारेतही (प्लॅसेंटात) ती असते. तिथे एसटीची सोय तुटपुंजी. आणि सीटवर बसलेला पीसीबीचा रेणू नुसता बसत नाही, तो गाडीसोबत प्रवास करतो. गाभण उंदरिणींना ते रसायन दिलं तेव्हा ते पिलांच्या रक्तात आणि मेंदूत पोचलं आणि पिलांचा टी-४ घसरला. हे माणसाला जसंच्या तसं लावता येत नाही, पण गाडी तीच आहे.

माणसांमधलं काय? पूर्व स्लोव्हाकियात पीसीबी बनवणाऱ्या कारखान्याच्या आसपासच्या लोकांत थायरॉइड ग्रंथीचं आकारमान जास्त आढळलं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया-ओहायोच्या भागात पाण्यात पीएफओए मिसळलं होतं. २००५-०६ मध्ये तिथल्या सुमारे ६९ हजार लोकांचं रक्त तपासलं. २०१२ मध्ये शास्त्रज्ञांच्या समितीनं सहा आजारांशी त्याचा संबंध संभवतो असा निर्वाळा दिला, त्यात थायरॉइडचा आजार आहे. इतर ठिकाणचे निकाल मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. काहींत टीएसएच थोडं वाढलेलं, काहींत नाही.

आता डीपीचं तेल. शेतातल्या बहुतेक डीप्यांमध्ये साधं खनिज तेल असतं. पण जुनं तेल काढून, गाळून, दुसऱ्यात भरताना पीसीबीचा अंश सरमिसळ होऊ शकतो. आणि ते कातडीतून आत जातं. आपल्या सरकारनं २०१६ साली पीसीबीबद्दल आदेश काढला, पीसीबीवाली यंत्रं वापरायला डिसेंबर २०२५ अखेरची मुदत घातली. तुमच्या वडिलांच्या बाटलीत काय होतं ते बाटलीलाच ठाऊक. पण कोणाच्या घरी अजून असेल तर चोळू नका. नाल्यातही ओतू नका, महावितरणच्या माणसाला परत द्या.

बावनथडी, २०१७ ची औषधं वेगळ्या जातीची. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही नसांवर झटक्यात घाला घालतात, पण काही दिवसांत शरीरातून जातात. वर्षानुवर्षं टिकणारी होती ती डीडीटी, एंडोसल्फान वगैरे. एंडोसल्फान आपल्याकडे कपाशीवर भरपूर मारलं जायचं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली.

पाण्याचं उद्या. डोळे मिटताहेत.

रिकामटेकडा | मंगळवार, सकाळी ८.३०

म्हणजे शेवटी "असंही आहे, तसंही आहे".

पऱ्हाटी | मंगळवार, सकाळी ८.४१

@रिकामटेकडा, कापसाच्या भावालेबी तसंच म्हनतेत, तरी तू पेरतच हाय नं.

लॅबवाली_ताई | मंगळवार, सकाळी ११.१५

दूरदेशींच्या लिहिण्यातून लॅबच्या कामाची गोष्ट काढते. आमच्याकडे "थायरॉइड प्रोफाइल" म्हणजे टी-३, टी-४, टीएसएच. त्यातला टी-४ हा एकूण असतो, गाड्यांमध्ये बसलेले सगळे धरून. गाड्या वाढल्या की आकडा वाढतो. गरोदरपणात तसंच होतं, टीबीजी वाढतं आणि एकूण टी-४ दीडपट होतो. घरचे घाबरतात, काहीजण गोळी बंद करतात. उलट आधीपासून गोळी चालू असलेल्या गरोदर बाईला सहसा डोस पाव ते तिसरा हिस्सा वाढवावा लागतो. म्हणून दिवस राहिल्याचं कळलं की त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठायचं. आशाताई, हे तुमच्या बायांना सांगाल?

आणि रक्तातले पीसीबी मोजा म्हणून कोणी येऊ नका. तालुक्याला ते होत नाही, आणि झालं तरी आकड्याचं करणार काय?

आशाताई_मेळघाट | मंगळवार, दुपारी २.५०

सांगते ताई. पण आमच्याकडे पहिल्या तीन महिन्यांत सांगतच नाहीत, नजर लागते म्हणून. चौथा लागला की नोंदणी. तुम्ही म्हणता ते बारा आठवडे तर तिथंच निघून गेले.

दूरदेशी | मंगळवार, रात्री ९.१०

आशाताईंच्या वाक्यानंतर पाण्याबद्दल लिहायला संकोच वाटतोय, तरी लिहितो.

मास्तर, पीसीबी आणि डायॉक्सिन विहिरीच्या पाण्यात फारसे नसतात. ते पाण्याला कंटाळतात, मातीला आणि चरबीला चिकटतात. आपल्या अंगात ते पिण्यातून कमी आणि खाण्यातून जास्त येतात: दूध, मासे, मांस, अंडी. तुमच्या विहिरीत बघायचं तर नायट्रेट बघा. केंद्रीय भूजल मंडळाच्या पाहणीत वर्धा, अमरावती, यवतमाळ, बुलढाणा हे नायट्रेट जास्त असलेल्या जिल्ह्यांत आहेत. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. युरिया आणि शेणखड्डे, दोन्हींतून येतं. तेही थायरॉइडला आडवं येतं, पण निराळ्या दारात. ग्रंथीत आयोडीन आत घेणारा जो पंप आहे त्यात नायट्रेट घुसतं. मीठ आयोडीनचं असेल तर बरीच भरपाई होते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट आटल्यानं वाढतं.

आता तुमची राख. ही मला पहिल्या दिवसापासून खटकत होती. वायरीवरच्या पीव्हीसी प्लास्टिकमध्ये क्लोरीन असतो. तो जळताना शेजारी तांबं असलं की डायॉक्सिन जास्त बनतात, तांबं त्या क्रियेला हात देतं. हिरवी झाक तांब्याची. धूर उडून पातळ होतो, पण राख तिथेच राहते. मोकळ्या कोंबड्या मातीसकट दाणा टिपतात आणि डायॉक्सिन अंड्याच्या बलकात उतरतं. जगभर अशा जळिताच्या जागांजवळची गावठी अंडी तपासली तेव्हा हेच दिसलं. तुमच्या पाच जणींच्या गोळीशी याचा संबंध जोडायला माझ्याकडे आधार नाही, लॅबवाली ताईंचं म्हणणंच मला पटतं. पण तिथली अंडी मी तरी गरोदर बाईला दिली नसती.

वऱ्हाडी_मास्तर | शनिवार, संध्याकाळी ७.३०

मंडळी, दुकानात जाऊन आलो. दुकानदार माझ्याच हाताखालून गेलेला विद्यार्थी, त्यामुळे बाकावर बसवून चहा पाजला. मी डायॉक्सिन वगैरे काही काढलं नाही. नुसतं विचारलं, "जाळावंच लागते का रे?"

त्यानं दोन स्टेटर (मोटारीचा वायंडिंग बसवलेला भाग) समोर ठेवले. म्हणाला, "सर, हे सबमर्सिबलचं. याची वायर प्लास्टिकची, पण वार्निश नसते. कापली का ओढून निघते, नंतर सोलता येते, पण पोरगं बसवा लागते अन् दिवस जाते. हे मोनोब्लॉकचं. याच्या वायरीले वार्निश. दगडावानी बसते, जाळल्याबिगर सुटतच नाई." मी म्हटलं, मग प्लास्टिकची तरी सोलून विक. तो म्हणाला, सोललेल्या तांब्याला भंगारवाला किलोमागे जास्त देतो, हे त्यालाही माहीत आहे. पोरगं मिळत नाही. शेवटी एवढं ठरलं की प्लास्टिकची वायर वेगळ्या पोत्यात टाकायची, आणि वार्निशचं जळण गल्लीत न करता पांदणीच्या पलीकडे करायचं. चार दिवस झाले, हिरवा जाळ दिसला नाही. उद्याचं माहीत नाही.

राखेचा जुना ढीग त्यानं फावड्यानं ओढून खड्ड्यात लोटला, वर मुरूम टाकला.

घरी सौ. आता साडेपाचला पाण्यासोबत गोळी घेते आणि सव्वासहापर्यंत चहाच्या भांड्याकडे बघत बसते. टीएसएच दीड महिन्यानं काढायचा, असं डॉक्टर म्हणाले. आमच्या दोन कोंबड्या मात्र रोज सकाळी त्याच मुरमावर जाऊन उकरतात. कालपासून टोपल्याखाली झाकल्या आहेत, आणि आतून जो गोंधळ घालतात तो पऱ्हाटीभाऊंच्या गावापर्यंत जात असेल.

पऱ्हाटी | शनिवार, संध्याकाळी ७.५२

येते नं आवाज, मास्तर. काऊन कोंडल्या बिचाऱ्या, थोडी तूर टाका खाले.